दोन वायरींचा सर्जेराव

चालू वायर उपटणाऱ्या माणसाला पगार देणारी कंपनी आमची एकटीच असावी. शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात सर्जेराव नेटवर्क सांभाळतो. मी बिलं छापायला घेतली की हा हमखास दारात उभा. "उपटू का, साहेब?" मी "नको रे बाबा!" म्हणेपर्यंत वायर त्याच्या हातात असते.

बिलं मात्र छापतच राहतात. सर्जेराव खूश. "बघितलं? दुसरीनं ओढलं नं!"

नेटवर्क वाटून देणाऱ्या दोन स्विचमध्ये एकच वायर टाकणं त्याच्या लेखी पाप. तो दोन पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या जागा, एकत्र बांधतो आणि दोन वायरींचा मिळून एक रस्ता करतो. "दोघी काम वाटून घेत्यात. एक मेली तर दुसरी हायच. पण उपटून बघितल्याबिगर खरं कळत नाय." एकदा त्यानं दोन्ही वायरी एकाच पाइपातून नेल्या आणि जेसीबीनं त्या एकदमच तोडल्या. ते दुःख तो अजून विसरलेला नाही.

घरी त्याच्याकडं कुलुपं दोन, छत्र्या दोन. डब्यात चपाती आणि भाकरी, एक करपली तर म्हणून. बायको तेवढी एकही नाही. "दोन स्थळं बघू का?" आम्ही चिडवायचो. "आधी एक तर हो म्हणू द्या," म्हणून तो लाजायचा.

त्याची माय पाचोडला एकटी राहते, शेळ्या राखते. तिलाही त्यानं दोन कंपन्यांचे दोन फोन दिलेत. दिवाळीनंतर गावाकडं फिरकला नव्हता, पण फोन रोज करायचा.

परवा दुपारी दोन्ही फोन लागेनात. सर्जेरावाचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्याला मोटारसायकलवर घेऊन पाचोड गाठलं. वाटभर तो मागं बसून दोन्ही नंबर आळीपाळीनं लावत राहिला.

माय अंगणात शेळ्यांना पाला टाकत होती. ठणठणीत. "आलास व्हय? बस, भाकर टाकते."

फोन ज्वारीच्या डब्यात सापडले. "माय! दोन्ही एकाच डब्यात?" सर्जेराव कळवळला.

"मीच ठिवले, बंद करून," ती म्हणाली. "फोन वाजला की तू बोलतो अन् मोकळा व्हतो. म्हणलं दोन्ही बंद करून बघावं, लेक येतो का नाय."

मला हसू आलं. सर्जेराव बराच वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत आला.

"साहेब, माझी रजा सांगा. एक नाय, दोन दिवस."