योगराजची स्थावर बोट

माणसाला राहायला घर लागतंच असं नाही, पण लग्नाला लागतं. सुरतेतल्या लिंबायतमध्ये आमचं खान्देशी वधू-वर मंडळ याच तत्त्वावर उभं आहे. मुलाला तंबाखूचं व्यसन असलं तरी निभावतं, घर मात्र स्वतःचं हवं. मंडळाच्या पाहणीनुसार बिनघराच्या मुलांपैकी शंभर टक्के मुलं गुणी असतात, आणि तितकीच बिनलग्नाची.

योगराज त्यांतला शिरोमणी. पावरलूमवर कारागीर, आई सुभद्राबाईंसोबत भाड्याच्या खोलीत राहणारा. इतका सज्जन, की त्याला नकार देताना पाहुण्यांचे डोळे भरून येत. अखेर कामरेजला भंगाराचा धंदा करणाऱ्या त्याच्या मामाला, काशिनाथला, दया आली. त्याने गोदामात पडलेली फायबरची जुनी शिडाची बोट ट्रेलरवर घालून आणली, लिंबायतमधल्या आपल्या मोकळ्या प्लॉटवर पिंपांना टेकवून उभी केली आणि प्लॉटसकट भाच्याच्या नावावर केली.

बोट हे घर आहे काय, यावर मंडळाची बैठक झाली. चिटणीस या नात्याने मी तिचे गुण मांडले. सहा जणांची निजायची सोय (पाहुणे खान्देशातले असल्यास सोळा). स्वयंपाकाला ओटा. संडास आतच (आमच्या गल्लीत याला बंगला म्हणतात). भिंती जाडजूड, कारण ही बांधली त्या काळी कारागिरांचा फायबरवर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी थरावर थर चढवले. अविश्वास किती टिकाऊ असतो, हे भाऊबंदकीमुळे आम्हाला ठाऊक होतंच. पोटाखाली लांबलचक कणा, त्यात शिसं भरलेलं. त्यामुळे ही बोट हळू चालते, चटकन वळत नाही, आणि कितीही कलली तरी पुन्हा सरळ होते. जावयाच्या अंगी याहून जास्त काय हवं? ठराव एकमताने मंजूर झाला.

मग पारोळ्याहून रघुनाथआप्पा आपली मुलगी जयश्री आणि जीपभर भाऊबंद घेऊन घर पाहायला आले. (मुलगा वेगळा पाहावा लागत नाही, तो पोहे आणून देतो.) आमच्याकडे भिंत ठोकून पाहायची रीत आहे. सगळ्यांनी आळीपाळीने ठोकली. आवाज भरीव आला. आता सुपारी फुटणार, तेवढ्यात जयश्रीने पहिल्यांदाच मान वर करून विचारलं, "हाई पानीमा चालस का?"

आप्पांच्या हातातला अडकित्ता थांबला. चालतं ते घर कसलं, ते वाहन. आज लिंबायतमध्ये, उद्या समुद्रात! मुलीला माहेरपणाला आणायचं तर मुऱ्हाळी पाठवायचा कुठे?

"खरं सांग भो," आप्पा योगराजला म्हणाले, "चालस का?"

कामावरून आल्यावर योगराज गुपचूप शिडाच्या दोऱ्या ओढून बघायचा, हे मी पाहिलं होतं. त्याने जयश्रीकडे पाहिलं. मग आप्पांकडे. मग पदराने बशा पुसणाऱ्या आईकडे.

"नही चालस," तो म्हणाला.

मला वाईट वाटलं. पण चिटणिसाला वाईट वाटून चालत नाही.

आप्पांची खात्री पटावी म्हणून मंडळानेच तोडगा काढला. खड्डा खणून बोटीचा कणा काँक्रीटमध्ये गाडला. सुभद्राबाईंना शिडी चढवत नाही, म्हणून बोटीच्या कुशीत जमिनीलगत दार कापलं (पूर्वेला), वर तोरण लावलं. डोलकाठीला बांधलेल्या दोरीवर साड्या वाळू लागल्या. सुपारी फुटली, लग्न थाटात झालं. असा स्थावर जावई पारोळ्यात कुणालाच मिळाला नव्हता.

यंदाच्या पावसाळ्यात खाडीचं पाणी वस्तीत शिरलं. सगळ्यांत आधी बोट बुडाली. शेजारच्या गच्चीवर आम्ही सगळे उभे राहून तिच्याकडे पाहत होतो. तोरण तेवढं तरंगत होतं. जयश्री कुणावर ओरडली नाही. ओला पदर पिळत एवढंच म्हणाली, "मी इचारेल व्हतं."



मंडळाने रीतसर चौकशी केली. पाया मजबूत असल्याचं निष्पन्न झालं.

हसा, हसायला हरकत नाही. पण तुमच्याही घरी कुणाचं तरी पाण्यात चालणारं काहीतरी होतं, आणि त्याच्या बुडाशी काँक्रीट ओतायचं ठरलं तेव्हा बैठकीला तुम्ही होता. पोहे छान झालेत, एवढंच तुम्ही बोललात.