शून्यापासून मोजणारे आबा

आबा महाडिक आमच्या डेअरीच्या तीन पायऱ्या मोजत चढतात: शून्य, एक, दोन. दोन कप चहा पिऊन "एकच झाला" म्हणतात. मी पोलादपूरजवळच्या या दूध सोसायटीचा सचिव. आकडे चुकलेले मला चालत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला मला याचा त्रास व्हायचा.

आबांनी मुंबईत एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर पस्तीस वर्षं काढली. कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो, तीच सवय यांना लागली. निवृत्त होऊन गावी आले ते एकटेच. मुलगा पुण्याला असतो. येताना त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला आणि डेअरीला देऊन टाकला. "आत युनिक्स सिस्टीम आहे, सेक्रेटरी. हे मधेच बंद पडत नाही." तो बंद करण्याआधी पडद्यावर काम करणाऱ्या सगळ्यांना दहा मिनिटांची सूचना द्यावी लागते. आबा कुणाच्या घरी गेले तरी हेच करतात. "दहा मिनिटांत उठतोय. कुणाचं बोलणं अर्धवट असेल तर उरकून घ्या."

अडचण एकच होती. कॉम्प्युटरला वायर लावायचा पोर्टही एकच. त्याला वजनकाटा जोडलेला. फॅटचं मशीन, पावतीचा प्रिंटर, बाहेरचा बोर्ड, सगळं जोडणीविना लटकलेलं. मी फॅट वाचायचो, आबा टाइप करायचे, आणि रांग रस्त्यावर जायची. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आबा, शनिवारच्या संध्याकाळपर्यंत चारही मशिनं जोडा, नायतर नवीन कॉम्प्युटर येतोय." नवीन आला असता तर आबांचं इथलं काम संपलं असतं. ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

आबांनी आठ पोर्टचं कार्ड मागवलं. कार्ड बसलं, पण ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला कार्डाशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम, जुना निघाला. दोन दिवस आबा तो दुरुस्त करत बसले. शनिवारी दुपारी म्हणाले, "बोलायला लागलं."

संध्याकाळी पहिला नंबर वरच्या वाडीतल्या हिराबाईचा. तिने दूध ओतलं. पडद्यावर वजन आलं सात पॉइंट एक. फॅटचा रकाना रिकामा.

"अगो बाय, चार लिटर घातलं, सात झालं!"

"सरक गो हिरा, आता मला ओतू दे," मागून गणपत.

"आबा, हात लावू नका. हाय तसंच ऱ्हाऊ दे!" रांगेतून आणखी एक आवाज.

अध्यक्षांनी घड्याळात पाहिलं. आबांनी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

हिराबाईच्या म्हशीची फॅट तीन दिवस सात पॉइंट एक होती. मी म्हटलं, "आबा, हे वजन नाही, फॅट आहे. सगळं एकेक घर सरकलंय." मागे वाकून पाहिलं. कार्डावर पोर्टचे आकडे एकपासून छापले होते. आबा ते शून्यापासूनचे समजून चालले होते.

"एकपासून मोजणारी माणसं कार्डं बनवायला लागली, की असंच व्हायचं," आबा पुटपुटले आणि चार आकडे बदलले. वजन चार, फॅट सात पॉइंट एक. पावती बाहेर आली.

"मेल्यांनो, तीन लिटर खाल्लंत माझं!" हिराबाई म्हणाली. अध्यक्ष नव्या कॉम्प्युटरबद्दल काही न बोलता निघून गेले.

त्यानंतर कॉम्प्युटर सलग एक्केचाळीस दिवस चालला. टाइप करायला काही उरलं नाही. आबा आधी रोज दोन वेळा यायचे, या दिवसांत मोजून सहा वेळा आले. "चालतंय ना?" "चालतंय." मान हलवून परत. शेवटचे दोन आठवडे तर आलेच नाहीत. एकदा दुधाच्या वेळेला मी त्यांच्या घरावरून गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून ओटीवर बसले होते.

"येत नाही, आबा?"

"काही बिघडलंच नाही, सेक्रेटरी. कशासाठी येऊ?"

डेअरीत तक्रारवही आहे. बावीस वर्षांत मी कुठल्याही वहीत खोटी नोंद केलेली नाही. त्या दिवशी लिहिलं, "पोर्ट सात अधूनमधून हळू चालतो," आणि निरोप धाडला.

आबा लगेच आले. चष्मा लावून त्यांनी नोंद वाचली, मग कार्डाच्या मागे वाकून पाहिलं. त्या पोर्टला आजवर एकही वायर लावलेली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फॅटच्या मशीनकडे पाहत राहिलो.

मग त्यांनी पेन काढलं आणि खाली लिहिलं, "तपासले. दोष आढळला नाही. उद्या पुन्हा पाहावे लागेल."