नदी-दर्शन प्रतिबंधक समिती

डोंगरावरचा बर्फ वितळू लागला की नदीकाठी जाऊ नये, हा नियम मिझुओची गावाला इतका मान्य होता, की तो पाळला जातो की नाही हे पाहायला रोज सकाळी निम्मं गाव नदीकाठी जात असे.

त्यात किनुएबाईंचे यजमान हेइसाकु सर्वांत पुढे. एरवी घरातल्या दोन पायऱ्या चढताना त्यांचे गुडघे कुरकुरत; पण पाणी चढलं असं कानावर आलं, की पायांत वारं भरायचं.

"अहो, तुम्ही पाहिलं नाहीत म्हणून पाणी चढायचं थांबणार आहे का?" किनुएबाई हळू आवाजात विचारत.

"अगं, शेताच्या पाटाची फळी तेवढी बघतो. हा गेलो नि हा आलो."

एवढंच बोलून मागच्या वसंतात निघालेले शेजारचे गोन्झो अजून यायचे होते.

किनुएबाईंचा एक नेम होता. पहाटे टेकडीवरच्या देवळात जायचं, करुणेच्या देवीपुढे, कान्नोनमाईपुढे, उदबत्ती लावायची आणि दोरांनी टांगलेला ओंडका ओढून मोठ्या घंटेला एकच टोला द्यायचा. दुसरा नाही. कारण घंटा लागोपाठ वाजली, की गावात कुणीतरी गेलं असं समजत.

गावकचेरीने गोन्झोंचं प्रकरण अत्यंत गांभीर्याने घेतलं. आपत्ती विभागाच्या कुसाकाबेसाहेबांनी ऐन काठावर पाटी लावली : 'येथे येऊ नये.' पाटी कशी झालीय ते पाहायला उरलेलं निम्मं गाव आलं. तेव्हा 'नदी-दर्शन प्रतिबंधक समिती' स्थापन करणं भागच पडलं. सदस्यासाठी अट एकच, नदीकाठी वावरण्याचा दांडगा अनुभव. हेइसाकुंची निवड एकमताने झाली.

"आता मी हौसेनं जात नाही हं," पिवळं हेल्मेट चढवत ते म्हणाले. "ड्यूटी आहे."

ड्यूटीवर वारा झोंबतो, म्हणून तंबू आला. तंबूत शेगडी आली, शेगडीवर चहा. मग काठावरची चेरी फुलली आणि सदस्यांचे डबे घेऊन त्यांच्या बायकाही आल्या. गर्दी धोक्याच्या हद्दीवर बांधलेल्या दोराच्या आत मावेना, म्हणून दोर पाण्याच्या दिशेने सरकवण्यात आला. कचेरीच्या भाषेत हा 'सुरक्षित क्षेत्राचा विस्तार' होता.

"साहेब, तंबू जरा टेकडीवर घेतला तर?" किनुएबाईंनी विचारून पाहिलं.

"आजी, टेकडीवर कुणी फिरकत नाही. मग आम्ही अडवायचं कुणाला?"

किनुएबाईंनी डबा तिथेच ठेवला आणि घरची वाट धरली.

एका रात्री उबदार पाऊस लागला आणि डोंगरावरचा बर्फ एकदम वितळला. पहाटे किनुएबाईंनी नेमाचा टोला दिला, हात जोडले आणि खाली पाहिलं. गढूळ पाण्याने तंबूखालची माती पोखरून नेली होती. काठ नुसता फळीसारखा पुढे आला होता आणि त्यावर अख्खी समिती फुलांखाली बसून भाताचे गोळे खात होती. त्यांनी हाका मारल्या. पण जन्मात कधी न चढलेला आवाज, तो देवळाच्या अंगणाबाहेरही गेला नाही.

"माई, आज नेम मोडते. पदरात घे," असं पुटपुटून त्यांनी घंटेचा ओंडका ओढला. एकदा, दोनदा, मग मोजलंच नाही.

खाली घास हातातच राहिले. कुणीतरी गेलं! कोण गेलं हे पाहायचं राहून जाईल या धास्तीने पिवळी हेल्मेटं भराभरा टेकडी चढू लागली. हेइसाकुंचे गुडघे सर्वांच्या पुढे.

"कोण गेलं गं?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"अजून कुणी नाही. म्हणून तर वाजवली."

तेवढ्यात खाली धडाड्‌कन आवाज झाला. तंबू, शेगडी, दोर आणि 'येथे येऊ नये' ही पाटी रांगेने वाहत निघाली.

कुसाकाबेसाहेबांनी हेल्मेट काढलं, घसा साफ केला आणि समितीच्या दक्षतेमुळे जीवितहानी शून्य असल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. टाळ्या विरल्यावर हेइसाकु हळूच म्हणाले,

"नेमका किती काठ गेला, ते तेवढं बघून यायला हवं."

किनुएबाई देवळाच्या पायरीवर वाट अडवून बसल्या त्या अजून उठलेल्या नाहीत. समिती त्यांच्या डोक्यावरून माना लांब करून उभी आहे.

आणि तुम्ही हो? तुम्ही मागे टाचा उंचावून काय बघताय?