रोशनकचं स्थळ आणि माझं झुंबर

नजरेच्या मापात अख्ख्या तेहरानमध्ये माझा हात धरणारा कुणी नाही! उगाच नाही उभा जन्म शाळेत भूमिती शिकवण्यात घालवला. भिंत नुसती बघायची आणि लांबी सांगून मोकळं व्हायचं! टेप, फूटपट्टी ही ज्यांना डोळे नाहीत त्यांची हत्यारं, असं मी वर्गात छातीठोकपणे सांगायचो.

म्हणून आमच्या रोशनकला मागणी घालायला फर्रुखी मंडळी येणार असं ठरलं, तेव्हा पाहुण्यांच्या खोलीत झुंबर लावायचं काम मी स्वतःच्या अंगावर घेतलं.

माझी बायको अख्तर म्हणाली, "इरज, लालेजारला जा. तिथे ओळीने दिव्यांची दुकानं आहेत. एक साधासा दिवा आण. आणि जाताना टेप घेऊन जा."

साधासा दिवा! एकुलती एक मुलगी, मुलगा तिने स्वतः पसंत केलेला, मुलाचा बाप डोळ्यांचा नावाजलेला डॉक्टर, आणि त्यांच्या डोक्यावर काय, तर साधासा दिवा! जुनं ते सोनं, असं स्वतःशी म्हणत मी लालेजारकडे पाठ फिरवली आणि मनूचेहरी रस्त्यावरच्या जुन्या सामानाच्या एका दुकानात शिरलो.

तिथे ते लटकत होतं! पितळेच्या वळणदार फांद्या, काचेचे लोलक, आणि एवढंसं, नाजूक, कुणी परकराच्या ओच्यात घालून नेईल असं! दुकानाचं छत हमामाच्या घुमटासारखं उंच आहे, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

"आगा, ही एका खानाच्या हवेलीतली वस्तू," दुकानदार म्हणाला. "तुमच्या घराचं छत किती उंच?"

"पुरेसं!" मी म्हणालो.

खाली उतरवल्यावर झुंबर जरा मोठं झालं. टॅक्सीत आणखी मोठं झालं. लिफ्टमध्ये तर ते शिरेचना, चार जिने पाठीवर न्यावं लागलं. शेवटी टांगून झालं तेव्हा त्याचं खालचं टोक बरोबर माझ्या नाकासमोर आलं.

अख्तरने आधी झुंबराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"छान आहे. आता जमीन खणून घे!"

"अगं, जुन्या वस्तूला जरा—"

"निदान खाली टेबल तरी सरकव, म्हणजे कुणी तिकडून जाणार नाही."

"टेबल ठेवलं तर लोक खाली उभं राहून तोंडात बोट कसं घालणार?" मी विचारलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ठरल्या दिवशी फर्रुखी मंडळी आली. हातात फुलं घेतलेला नवरामुलगा बाबक, मिठाईचा खोका घेतलेल्या त्याच्या आई मीनूखानम, आणि स्वतः डॉक्टर. डॉक्टर चांगलेच उंच होते, पण डोळ्यांचे डॉक्टर म्हटल्यावर मी निश्चिंत!

"या, या! आमच्या डोळ्यांवर पाऊल ठेवा!" असं म्हणत मी वाकून बाजूला झालो, आणि डॉक्टर सरळ झुंबरात घुसले.

खण्ण्!

सगळे लोलक वाजायला लागले. डॉक्टरांनी कपाळ धरलं, डोळ्यांतलं पाणी मागे सारलं आणि म्हणाले, "वा! काय सुंदर झुंबर आहे!"

आता पाहुण्याने एखाद्या वस्तूची तारीफ केली, की यजमानाने "तुमचंच आहे, घेऊन जा" म्हणायचं, पाहुण्याने "छे छे" म्हणायचं, की विषय संपला. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं.

"तुमचंच आहे, डॉक्टरसाहेब! घेऊन जा!"

"छे छे, ते इथेच शोभतं."

इथे थांबायला हवं होतं. पण मुलीचा बाप! कंजूष दिसून कसं चालेल?

"नाही, नाही, नेलंच पाहिजे!"

"अहो, कसं शक्य आहे? तुमच्या घराची शोभा!"

"आमच्या घराची शोभा तुमच्या पायांनी आली! झुंबर काय, माझा जीव मागा!"

"जीव तुम्हाला लखलाभ, इरजआगा, आणि झुंबरही."

अख्तरने मागून असा चिमटा काढला की मी टाचांवर उभा राहिलो. पण जीभ सुटली ती सुटलीच. "म्हणजे डोक्याला लागलेलं मनात ठेवलंत तर!"

बिचाऱ्या डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. आता नाही म्हणावं तर राग धरला असं होणार. कपाळावरचं टेंगूळ चोळत ते पुटपुटले, "इतकं म्हणताय, तर... घेतो."

मग मला म्हणावंच लागलं, "आत्ताच काढून देतो!" आणि त्यांना म्हणावंच लागलं, "बाबक, शिडीवर चढ."

रोशनक चहा घेऊन आली, तेव्हा वीज बंद, खोलीत अंधार, होणारा नवरा शिडीवर आणि होणारे सासरे खाली हात पसरून उभे! मीनूखानम मोबाइलचा उजेड पाडत होत्या. रोशनककडे कुणी वळूनही पाहिलं नाही. चहा गार झाला. मंडळी झुंबर चादरीत गुंडाळून घाम पुसत निघून गेली.

दार लावून अख्तर म्हणाली, "इरज, ते काय मागायला आले होते?"

"रोशनक."

"आणि काय घेऊन गेले?"

पुढचा आठवडाभर फर्रुखींचा फोन नाही. बाबक म्हणे रोशनकला एवढंच म्हणाला, "घरी वातावरण तंग आहे." ती माझ्याशी बोलेना. एकदाच बोलली.

"बाबा, तुम्हाला मला द्यायचं नव्हतं तर तसं सांगायचं!" तिचे डोळे रडून लाल झाले होते. मला इतकी लाज वाटली की आरशात बघून दाढी करवेना.

शेवटी मीनूखानमनी जेवायला बोलावलं. त्यांच्या घरी झुंबर जेवणाच्या टेबलावर टांगलं होतं, इतकं खाली की समोरचा माणूस दिसण्यासाठी फांद्या बाजूला कराव्या लागत. मी भातावर रस्सा घेत होतो, तेवढ्यात एक लोलक माझ्या ताटात पडला.

"बघा, तुमच्या आठवणीने रडतंय!" लोलकांमागून डॉक्टर म्हणाले. "इरजआगा, परत न्या. हात जोडतो!"

"दिलेली वस्तू परत? तोबा! लोक काय म्हणतील?"

"नेलंत तर उपकार होतील," मीनूखानम म्हणाल्या. त्यांचा आवाज घासूनपुसून कोरडा होता.

"छे छे, तुमच्याकडेच शोभतं!"

रोशनकचा चमचा ताटात आपटला. आणि बाबक ताडकन उभा राहिला. अर्थातच झुंबर वाजलं!

"पुरे!" तो डोकं चोळत ओरडला. "बाबा, आपण रोशनकसाठी गेलो होतो! हिला मागा ना कुणीतरी!"

डॉक्टरांनी मागितलं. मी एकदाही आढेवेढे न घेता "हो" म्हणालो! सगळ्यांनी तोंड गोड केलं, आणि झुंबराचा विषय मिटला असं मी समजलो.

निकाहाच्या दिवशी रोशनक आणि बाबक आरशासमोर बसले होते. वधूला तीनदा विचारतात. दोनदा ती गप्प बसते, आणि तिसऱ्यांदा "हो" म्हणण्याआधी सासरचे तिला जीभ सुटण्याची भेट देतात. सोन्याची बांगडी वगैरे असते.

निकाह लावणाऱ्या गृहस्थांनी पहिल्यांदा विचारलं. रिवाजाप्रमाणे बायका ओरडल्या, "वधू फुलं तोडायला गेलीय!"

दुसऱ्यांदा विचारायला आणि मागचं दार उघडायला एकच गाठ पडली. आरशात रोशनकला सासरे दिसले. हातात चादरीचं भलंमोठं गाठोडं, वर लाल फीत, आणि आतून किणकिण!

"हो!" रोशनक किंचाळली. "हो! हो!"

अशी उतावळी वधू कुणी पाहिली नव्हती. बायका हसून हसून लोळल्या. लग्न लागलं! जीभ भेटीआधीच सुटल्यामुळे भेट मात्र दारातच राहिली, आणि डॉक्टर ओझ्याने वाकायला लागले.

मुलीचा बाप पडलो. मी धावत पुढे झालो. "अहो डॉक्टरसाहेब, द्या इकडे! तुमचे हात भरून आले असतील!"

या खेपेला त्यांनी एकदाही "छे छे" केलं नाही.

लग्नाचे फोटो फार सुरेख आलेत. प्रत्येक फोटोत मी झुंबर कडेवर घेऊन उभा आहे.