पुरवणी आणि पाचवी खुर्ची

सासऱ्यांच्या दाराची घंटा वाजवायच्या आधी जावयानं पिशवीत पुन्हा डोकावून पाहिलं. पेटी होती. पळून जाते कुठं!

“वाजव ना,” बायको म्हणाली. “चोरीचा माल आणल्यासारखा काय उभा आहेस?”

“तू बोलशील का बाबांशी?”

“मी कशाला? पुरवणी तुला हवीय. मला खेळायला मिळतंच की.”

हेच तर दुखणं होतं. दर रविवारी दुपारी या घरात ‘दूरची बेटं’ नावाचा खेळ मांडला जायचा. मोठा पट, त्यावर समुद्र, बेटं, लाकडी जहाजं, धान्याची इवलीइवली पोती. डोकं पिकवणारा खेळ, एक डाव संपता संपता दिवे लागायचे. पण जहाजं चारच रंगांची. लाल सासऱ्यांची, हिरवी सासूबाईंची, पिवळी बायकोची आणि निळी धाकट्या मेहुण्याची. लग्न झालं तसा घरात पाचवा माणूस आला, पाचवा रंग मात्र आला नाही. मग सासऱ्यांनी जावयाला मोठ्या मानानं ‘कोठारप्रमुख’ नेमलं. म्हणजे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं, मागेल त्याला पोती द्यायची आणि मध्येच उठून चहा टाकायचा. तीन वर्षं झाली तरी त्या पदावरून त्याला कुणी हलवलं नव्हतं. जेवताना “जावईबापू, अजून घ्या, अजून घ्या,” आणि खेळताना “जावईबापू, दोन पोती सरकवा इकडे.” आतल्या आत माणूस किती दिवस झुरणार!

म्हणून दुकानात पुरवणी पेटी दिसली, तिच्यात पाचव्या खेळाडूची पांढरीशुभ्र जहाजं दिसली, आणि जावयाला भरून आलं. किंमतही न विचारता त्यानं ती उचलली. सासऱ्यांची आठवण झाली ती नंतर.

सासरे वजनमाप खात्यातले निवृत्त निरीक्षक. दुकानदारांचे काटे उलटे करून बघण्यात उभा जन्म गेलेला. खोटेपणाची त्यांना भयंकर चीड. खेळातही नियम म्हणजे नियम, आणि जिंकायचेही कायम तेच. पटाशेजारी पत्त्यांचे दोन गठ्ठे पालथे ठेवलेले असत. आपली पाळी आली की त्यांतल्या कुठल्याही एकावरचा पत्ता उचलायचा. कुणाला दीपगृह मिळायचं, कुणाला मसाले. पण वादळ निघालं की अर्धी जहाजं बुडाली म्हणून समजा. सासऱ्यांना वादळ कधी लागतच नसे. आपली पाळी आली की ते गठ्ठ्यांकडे बघायचे, चष्मा काढून पुसायचे, घालायचे आणि मग शांतपणे हात पुढे करायचे.

“अंदाज असतो एकेकाचा,” ते म्हणत. “नोकरीतही नुसत्या नजरेनं सांगायचो, काटा खोटा आहे म्हणून.”

त्यांच्या शेजारी बसणाऱ्या सासूबाई नेहमी दुसऱ्या यायच्या. राहिलेल्या दोन नंबरांसाठी भावाबहिणीची हाणामारी चालायची.

चहा आल्यावर जावयानं पेटी टेबलावर ठेवली.

“बाबा, आपल्या खेळाची पुरवणी आलीय. म्हणजे, तुमच्या खेळाची. आता पाच जणांना खेळता येतं.”

सासऱ्यांनी जुन्या सवयीनं पेटी आधी उलटी करून तिचा तळ पाहिला.

“पुरवणी,” ते म्हणाले. “परीक्षेत पुरवण्या कोण घेतं? ज्याला पहिल्या कागदावर उत्तर जमत नाही, तो.”

“अहो, एवढ्या हौसेनं आणलीय त्यांनी, उघडून तरी बघा,” सासूबाई म्हणाल्या.

मेहुण्यानं पेटी उघडली आणि एक नवा पत्ता जुन्याशेजारी पालथा ठेवला. नवा पांढराफेक, कोपरे टोकदार. जुना विटून पिवळट झालेला.

“भावजी, हे तर झोपेतही ओळखू येईल. नवा कुठला आणि जुना कुठला.”

“मग संपलं,” सासरे सुटका झाल्यासारखे म्हणाले. “पाठीवरून पत्ता ओळखू आला, तर तो खेळ कसला? ती सरळसरळ लबाडी.”

“प्लास्टिकची पाकिटं मिळतात, बाबा. प्रत्येक पत्ता पाकिटात घातला की मागून सगळे सारखे.”

“छे छे! पाकिटं नकोत!” सासरे एवढ्या जोरात म्हणाले, की सासूबाईंच्या हातातलं बिस्कीट कपात पडलं. “पत्ता कसा हाताला लागला पाहिजे.”

“मग मी जुळवतो रंग,” जावई बोलून गेला. बोलल्यावर घाबरला, पण शब्द गेला तो गेला. “रंग जुळवणं माझं कामच आहे.”

हे मात्र खरं. जावई दातांच्या कॅप बनवायचा. डॉक्टर मापं पाठवायचे आणि हा आपल्या लॅबमध्ये बसून शेजारच्या दाताशी शेड जुळवायचा. काम सुरेख, पण वेळेवर म्हणून कधी नाही. डॉक्टरांचा फोन आला की उत्तर ठरलेलं, “शेड जुळत नाहीये अजून. पुढच्या आठवड्यात नक्की.” यावर डॉक्टरही गप्प बसायचे. पिवळ्या दातांत एक पांढरा दात कुणाला हवा असतो?

सासऱ्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. हे याला जमणार नाही, अशी त्यांची खात्री झाली असावी.

“जुळवा. नवाजुना ओळखू आला नाही, तर पाचवी खुर्ची तुमची. ओळखू आला, तर पुरवणी माळ्यावर आणि तुम्ही स्टुलावर. कायमचे.”

“नमुन्याला जुने पत्ते लागतील ना? हे घ्या,” असं म्हणत सासूबाईंनी दोन्ही गठ्ठे त्याच्या पिशवीत टाकलेसुद्धा. सासरे अर्धवट उठले, पण नाही म्हणायला त्यांना कारण सापडेना.

“जुन्या पत्त्यांना हात लावायचा नाही!” ते दारापर्यंत येऊन म्हणाले. “ओरखडा दिसला तर माझ्याशी गाठ आहे.”

दुसऱ्या दिवशी जावयानं लॅबचं दार आतून लावून घेतलं. दातांच्या शेडची पट्टी जुन्या पत्त्यांवर धरून पाहिली. मग कोरा चहा केला आणि कापसाच्या बोळ्यानं नव्या पत्त्यांच्या पाठी पुसायला घेतल्या. एक हात दिला, फिके वाटले. म्हणून दुसरा दिला. वाळल्यावर पाहतो तर नवे पत्ते जुन्यांपेक्षाही जुने दिसायला लागलेले!

त्यानं पाण्याचा बोळा फिरवून पाहिला. लागलेला चहा काही परत निघेना. आता एकच उपाय होता. नवे मागे येत नसतील, तर जुन्यांनाच थोडं पुढं न्यायचं. “थोडंसंच हं,” असं स्वतःला बजावत त्यानं जुन्या पत्त्यांवरून बोळा फिरवला. रंग जुळला, पण त्यानं काय होतंय? काही जुन्या पत्त्यांवर कपाच्या बुडाचे गोल डाग होते, काहींचे कोपरे दुमडलेले होते, काहींवर नखाच्या खुणा होत्या. नवे पत्ते त्यांच्यात उठून दिसत होते. मग डाग झाकायला पुन्हा चहा आला. कोपऱ्यांसाठी दात घासून गुळगुळीत करायचं चाक सुरू झालं. नव्यांचे कोपरे जरा जास्तच गोल झाले, म्हणून जुन्यांचेही करावे लागले. ओले पत्ते वाकायला लागले, तर त्यांच्यावर वजन म्हणून गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ठेवले. टेबलभर पत्ते आणि प्रत्येक ढिगावर एकेक बत्तिशी, असा तो देखावा होता.

एवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. “अहो, ती पुढच्या दाताची कॅप? बाई रोज फोन करतायत.”

“शेड जुळत नाहीये,” जावई म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज खरोखरच रडवेला होता.

आठवडाअखेर सगळे पत्ते एकजात सारखे झाले. त्याचं त्यालाही नवे कुठले आणि जुने कुठले ते सांगता येईना. यशानं माणूस फुलतो म्हणतात. हा धसक्यानं जेवेना.

“बाबांना अजिबात सांगू नकोस जुन्यांचं,” बायको म्हणाली.

“त्यांना कळणार नाही?”

“कळणार. पण तू सांगू नकोस.”

रविवारी सासऱ्यांनी पत्ते हातात घेतले, चष्मा पुसला, पत्ते खिडकीशी नेले, उलटे केले, सुलटे केले.

“यांना दाताच्या दवाखान्याचा वास येतोय,” सासूबाई म्हणाल्या.

“पण ओळखू येत नाहीत!” मेहुणा ओरडला. “भावजी, मानलं तुम्हाला! बाबा, तुम्हाला ओळखता येतायत?”

सासऱ्यांनी गठ्ठा पुन्हा एकदा चाळला. मग खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, “नाही. मला एकही ओळखता येत नाही.”

पाचवी खुर्ची आली. पांढरी जहाजं पटावर लागली. कोठार ज्याचं त्यानं सांभाळायचं ठरलं. तीन वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण आला, आणि जावयाचं लक्ष सगळं सासऱ्यांच्या तोंडाकडे.

सासऱ्यांची पाळी आली. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही गठ्ठ्यांकडे पाहिलं, पुन्हा चष्मा पुसला आणि डावीकडचा पत्ता उचलला. वादळ!

“बाबांना वादळ?” बायको म्हणाली. “अगं बाई!”

पुढच्या पाळीला मसाले निघाले, त्यापुढच्या पाळीला पुन्हा वादळ. सासूबाईंचंही काही खरं नव्हतं. त्या सारख्या नवऱ्याकडे बघत होत्या, पत्ता उचलत होत्या आणि कपाळाला हात लावत होत्या. मेहुण्याची निळी जहाजं मात्र सुसाट सुटली होती. तो खुर्चीवर उभा राहून नाचायचाच काय तो बाकी होता. डाव संपला तेव्हा मेहुणा पहिला, बायको दुसरी, जावई तिसरा. सासऱ्यांचं एकच लाल जहाज पाण्यावर होतं, आणि सासूबाईंचं तेही नव्हतं.

सासरे उठले. “जावईबापू, जरा स्वयंपाकघरात या.”

जावई उठला. बायकोनं त्याच्याकडे ‘मी नव्हते म्हणाले?’ अशा नजरेनं पाहिलं. आत गेल्या गेल्या सासऱ्यांनी दार लोटून घेतलं, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं जावई भडाभडा बोलायला लागला.

“बाबा, चुकलो! मी जुन्या पत्त्यांनाही हात लावला. सगळे चहात पुसले. वादळांवर ते कपाचे गोल डाग होते ना, ते काढले. दीपगृहांचे डावे कोपरे दुमडलेले होते, तेही घासले. मसाल्यांवर तर सगळ्यांवर एकेक नखाची...”

बोलता बोलता तो थांबला. वादळांवरच डाग? सगळ्या दीपगृहांचा डावाच कोपरा? त्यानं मान वर केली. वजनमाप खात्याचे निवृत्त निरीक्षक ओट्यावरच्या बरणीकडे बघत होते.

“हळू बोला,” ते म्हणाले. “पहिला डाग खरंच चुकून पडला होता.”

“हो, बाबा.”

“मग एकदा दिसला तो दिसलाच. माणूस डोळे मिटून तर खेळू शकत नाही.”

“नाही, बाबा.”

सासरे जवळ आले. जावयाच्या खांद्यावर त्यांनी आजवर कधी हात ठेवला नव्हता, तो ठेवला. “तुम्ही रंग जुळवता. दाताचा जुळतो, तर डागाचा नाही जुळणार? आधी होता तसाच, वादळावर, एवढासा. तुमची खुर्ची पक्की. स्टूल मी उद्याच काढून टाकतो.”

जावई बोलणार तेवढ्यात दार उघडलं. सासूबाई रिकामे कप घेऊन आत आल्या. दोघंही पोरांसारखे बाजूबाजूला उभे राहिले.

“काय चाललंय?”

“काही नाही,” सासरे म्हणाले. “चहाचं बघत होतो.”

सासूबाईंनी कप धुवायला टाकले, हात पुसले.

“जावईबापू, डाग करणारच असाल, तर जरा मोठा करा हो,” त्या म्हणाल्या. “मला चष्मा नसताना दिसेल असा. आजवर ह्यांच्या तोंडाकडे बघून खेळले. ज्या गठ्ठ्याकडे बघून हे चष्मा पुसतात, त्याला मी हात लावत नाही. आज ह्यांनी दोन्हींकडे बघून पुसला. माझी सगळी जहाजं बुडवली!”

सासरे गर्रकन तिच्याकडे वळले. “म्हणजे तू... इतकी वर्षं... मग दुसरी का यायचीस?”

“पहिली आले असते, तर आठवडाभर तुमचं तोंड कोण बघणार होतं?”

बाहेरून बायकोची हाक आली, “अरे, येताय ना? दुसरा डाव मांडलाय! तुझी जहाजं लावू का?”

तुझी जहाजं! जावयाचा पाय दाराकडे वळला. पुढं सासरे, मागं सासूबाई, दोघांची नजर त्याच्यावर. मोठा डाग की लहान डाग, काहीही केलं तरी एक जण रुसणार. नाही म्हणावं तर दोघंही रुसणार. मग त्याच्या तोंडून आपोआप तेच निघालं, जे रोज निघायचं.

“करतो की. पण शेड जुळायला वेळ लागतो. पुढच्या आठवड्यात नक्की.”

ते स्टूल आता गॅलरीत आहे, त्याच्यावर कुंडी ठेवलीय. रविवारी खेळ मांडला जातो, पांढरी जहाजं लागतात आणि कोण जिंकणार ते देवालाही माहीत नसतं. सासरे दारातच जावयाचा दंड धरून हळूच विचारतात, “झालं का?” थोड्या वेळानं सासूबाईही त्याच्या बशीत एक जास्तीचं बिस्कीट ठेवून तेच विचारतात.

“शेड जुळत नाहीये अजून,” जावई म्हणतो, आणि आपली खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ ओढून घेतो.