उद्घाटनापूर्वी चेंडू टाकू नये

अहमदपूरच्या एका शाळेस टेबल टेनिसचा सराव करून देणारा रोबो प्राप्त झाला आणि क्रीडाशिक्षक रविकांत सरांच्या जिवात जीव आला. नववीतली लुंबिनी विभागीय सामन्यांसाठी लातूरला जाणार होती. पोरगी लई चपळ, पण स्पिनचा चेंडू आला की तिची बॅट गडबडायची, आणि तसा चेंडू टाकणारं गावात कुणी नव्हतं. सरांनी रोबो टेबलाच्या कडेला घट्ट आवळला, मागे चेंडू गोळा करायची जाळी ताणली, वेगाचं नि स्पिनचं बटण जुळवलं. तेवढ्यात मुख्याध्यापक रामलिंग सर दारात उभे.

"चेंडू टाकला का?"

"न्हाई सर, आता टाकून राहिलो."

"थांबा. उद्घाटन न्हाई झालं अजून. सभापती साहेबांची तारीख घेतो."

सभापतींना सवड मिळेपर्यंत रोबोवर सत्काराची शाल पांघरली गेली. लुंबिनी रोज बॅट घेऊन यायची, शालीकडं बघायची आणि भिंतीवर खेळून घरी जायची.

अखेर तारीख मिळाली, ती नेमकी लातूरच्या सामन्याच्या आदल्या दिवशीची. आता रामलिंग सरांना नवाच घोर लागला. साहेबांचा फटका हुकला तर? शाळेच्या नव्या खोल्यांची मंजुरी साहेबांच्या हातात. तालमीला चालतंय म्हणत त्यांनी शाल काढली आणि रंगीत तालमीत साहेबांच्या जागी स्वतः उभे राहिले. वेग कमी केला, तरी हुकला. आणखी कमी केला, तर चेंडू रोबोच्या पायाशीच पडला, आणि सर तिकडं हवेत बॅट फिरवून मोकळे.

"असं करू," रामलिंग सर घाम पुसत म्हणाले. "रोबो बंद ठेवू. चेंडू साहेब मारतील. यंत्राला परतवता येणार न्हाई, म्हंजे साहेब जिंकले."

"सर, पण ते चेंडू टाकायचंच यंत्र हाय."

"तुमाला खोल्या पाहिजेत का न्हाई?"

उद्घाटन थाटात झालं. नारळ फुटला, रोबोच्या गळ्यात हार पडला, साहेबांनी चेंडू मारले आणि रोबो मान खाली घालून एकेक गुण गमावत गेला. मानवी बुद्धीपुढे यंत्र निष्प्रभ ठरल्याचं सूत्रसंचालकांनी जाहीर केलं. साहेब एवढे खूश झाले, की दुसरा रोबो असल्यास आणा म्हणाले.

मांडव उठताच लुंबिनी पुढं आली. "सर, आता टाका की."

"साहेबांनी हरवलेलं यंत्र हाय बाई ते," रामलिंग सर गंभीरपणे म्हणाले. "ते जपायचं असतं." त्यांनी जाळी दुमडली, रोबो हारासकट कार्यालयाच्या काचेच्या कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.

लातूरला लुंबिनी पहिल्याच सामन्यात हरली. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सर, तसला चेंडू मी आज पहिल्यांदाच पाहिला." रविकांत सरांना लई लाज वाटली.

घरी पोचेपर्यंत लाजेचा राग झाला होता. असल्या माणसांच्या हाती वस्तू देऊच नयेत, असं बरंच काही ते बायकोला तावातावानं सांगत राहिले. मग म्हणाले, "धम्मप्रिया, डोकं उठलंय. त्या निळ्या फुलांच्या कपात चहा दे बरं."

"ते पाहुण्यांसाठी हायेत," धम्मप्रिया म्हणाली.

"हाव, ते बी खरंच," सर म्हणाले आणि कान तुटलेल्या कपातला चहा निमूट प्याले.

हसलात? बरं. आता जरा उठा, आणि तुमच्या शोकेसमधल्या कपांमधून आजवर घरातल्या कुणी चहा प्यालंय, ते सांगा.