गुप्त ग्राहकाच्या सात पिढ्या

अहवालात चौऱ्याऐंशी प्रश्न होते, आणि बेगिमायच्या मते त्यांतल्या ऐंशी प्रश्नांची उत्तरं घरातून निघण्याआधीच लिहून ठेवायची असतात.

“मग दुकानात जाऊन काय करायचं?” सैकालने विचारलं.

“घड्याळ बघायचं, बॅजवरचं नाव वाचायचं, पावती घ्यायची. बास. एजे, तुम्ही ग्रंथालयवाली माणसं सगळं वाचत बसता. मी एक अहवाल अकरा मिनिटांत उडवते.”

बेगिमाय ही सैकालच्या मावशीची मुलगी, वयाने वीस वर्षांनी धाकटी, म्हणून तिला एजे, म्हणजे ताई, म्हणणारी, पण या कामात दोन वर्षं मुरलेली. राजधानी बिश्केकमधली एक कंपनी दुकानादुकानांत गुप्त ग्राहक पाठवत असे. साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं, काहीतरी घ्यायचं आणि घरी येऊन मोबाइलवर लिहायचं, की विक्रेती हसली का, किती सेकंदांत हसली, आणि हसताना तिची नजर गिऱ्हाइकाकडे होती की भिंतीकडे. बेगिमायकडे तयार वाक्यांची एक फाइल होती. ‘कर्मचाऱ्याचे स्मित प्रसन्न व व्यावसायिक होते’ हे वाक्य तिने औषधाच्या दुकानात वापरलं होतं, पेट्रोल पंपावर वापरलं होतं आणि एकदा थडग्यांचे दगड विकणाऱ्याकडेही वापरलं होतं. तिन्ही अहवाल मंजूर झाले होते.

नियम मोजके होते. आपण कशासाठी आलोय हे कळू द्यायचं नाही. पावतीचा फोटो जोडायचा. उत्तर वाकडं आलं तर स्पष्टीकरण द्यायचं, किमान दीडशे अक्षरं, कमाल पाचशे. नवशिक्याला तीन संधी. त्यांतला एक अहवाल मंजूर झाला की दुसरी पायरी, म्हणजे परगावच्या हॉटेलांची तपासणी. तिन्ही नामंजूर झाले की खातं बंद.

सैकालला ती दुसरी पायरी हवी होती. मार्चमध्ये तिचे वडील गेले. केरिमबाय डॉक्टर गुरांचे डॉक्टर होते. नारिनमधली आणि वरच्या कुरणांवरची एकही गाय त्यांना अनोळखी नव्हती, मग माणसांचं काय सांगावं. तेव्हापासून सैकालला गावात कुणी नुसतं मीठही विकत नव्हतं. मीठ तोलता तोलता लोक तिचा हात धरत, डोळे भरून आणत, डॉक्टरांची एखादी हकीकत सांगत. सहा महिने ती गावाचं सांत्वन करत आली होती. बिश्केकच्या हॉटेलात दोन दिवस, अनोळखी खोली, अनोळखी उशी, आणि दारावर टकटक करून वडिलांची आठवण काढणारं कुणी नाही. आपण कुणीच नसण्याचं काम देणारी ही एकच कंपनी तिच्या पाहण्यात आली होती.

तीन संधी म्हणजे राजधानीतल्या एका बेकरीच्या नारिनमधल्या तीन शाखा. पहिली बस थांब्याजवळची. विक्रेतीने तीस सेकंदांच्या आत ‘स्वागत आहे, आज मधाचा पाव घ्याल का?’ असं म्हणायला हवं होतं. सैकालने कोटाच्या खिशात फोनचं घड्याळ सुरू केलं आणि काउंटरपाशी गेली. बॅजवर ‘एलनुरा’ असं होतं. एलनुराने मधाच्या पावाचं नाव काढलं नाही. तिने मान तिरकी केली.

“एजे, तुम्हाला कुठं तरी पाहिलंय. कुणाच्या तुम्ही?”

“एक गोल पाव द्या,” सैकाल म्हणाली.

“देते हो पाव. पाव काय पळून जातोय? कुणाच्या, ते सांगा की.”

या प्रश्नाला ‘कुणाची नाही’ असं उत्तर नारिनमध्ये फक्त भटकं कुत्रंच देऊ शकतं.

“केरिमबायची.”

“डॉक्टर केरिमबाय?” एलनुराने चिमटा खाली ठेवला. “आणि मी बघा, पाव पाव करत बसलेय.”

तिने दोन्ही तळवे वर केले. मागच्या रांगेनेही केले. दारावरच्या रखवालदाराने केले. एका गृहस्थांच्या हातात वाढदिवसाचा केक होता. त्यांनी तो जमिनीवर ठेवला आणि तळवे वर केले. एलनुराने सावकाश, एकही शब्द न गिळता मृतासाठीची प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले, आणि सैकालच्या खिशातलं घड्याळ चार मिनिटं अकरा सेकंदांवर गेलं. मग पिढ्यांची मोजणी सुरू झाली.

“कोइचू? कोइचू तुमचे कितवे पूर्वज?”

“पाचवे,” सैकाल नाइलाजाने म्हणाली.

“आमचे सहावे. म्हणजे मी तुमची भाची झाले, आत्या. हे घ्या, गरम आहेत त्यातला देते.”

घरी आल्यावर सैकाल अहवालाच्या पहिल्याच प्रश्नावर अडली. ‘या शाखेतील अथवा आमच्या कंपनीतील कोणताही कर्मचारी आपला नातेवाईक आहे काय?’

“नाही लिहा,” बेगिमाय म्हणाली. “पुढे चला.”

“पण आहे. पाचव्या पिढीला एक आहोत.”

“एजे, ते सख्ख्या बहिणीबद्दल विचारतायत. कोइचूबद्दल कोण विचारतंय?”

“तसं लिहिलेलं नाही.”

सैकाल पाच वर्षांची असताना वडिलांनी तिला घोड्यावर पुढ्यात बसवून सात पूर्वजांची सात नावं पाठ करायला लावली होती. लोक ती मुलग्यांना शिकवत. डॉक्टरांनी मुलीला शिकवली. एक नाव गाळलं की ते घोडा थांबवत आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. त्यामुळे नातेवाईक म्हणजे कोण, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. तिने ‘हो’वर बोट ठेवलं. उरलेले त्र्याऐंशी प्रश्न एकदम करडे झाले आणि खाली ओळ उमटली, ‘आपण या भेटीसाठी अपात्र आहात. — परीक्षक ४१७.’

“एक गेली,” बेगिमाय म्हणाली. “आता मास्क लावून जा. आणि दूरच्या तलासची आहे म्हणून सांगा.”

बाजारातल्या शाखेत सैकाल मास्क आणि काळा चष्मा लावून गेली. तिथली व्यवस्थापक बातमा अपा साठीची होती आणि काउंटरवर स्वतःच उभी होती.

“तलासहून आले आहे,” सैकालने आपणहूनच सांगितलं.

“हो का? तलासला कुणाच्या?”

सैकालने याची तयारी केली नव्हती. खोटी नावं रचताना खरे पूर्वज मागे रांग लावून उभे आहेत असं तिला वाटायला लागलं. पहिलं नाव तिने कसंबसं रेटलं, दुसऱ्याला अडखळली, आणि तिसरं तिच्या तोंडून ‘तुरगान’ असं खऱ्या पूर्वजाचंच निघालं.

“काढ तो चष्मा,” अपा म्हणाली. “डॉक्टरची सैकाल ना तू? दारातून आलीस तेव्हाच ओळखलं. घोड्यावरून आत्ता उतरल्यासारखी चालणारी दोनच माणसं होती या गावात.”

मागे पिठाच्या पोत्यांशेजारी तिला बसवण्यात आलं. चहा आला, पाव आला, लोणी आलं. अपाने आपली सात नावं सांगितली. सैकाल एकेक नाव श्वास रोखून ऐकत होती. सातवं संपलं आणि कुठेच काही जुळलं नाही.

“बरं झालं,” तिच्या तोंडून निघून गेलं.

“काय बरं झालं?” अपाचा चेहरा पडला. त्याची भरपाई म्हणून सैकालला आणखी दोन वाट्या चहा प्यावा लागला.

निघताना तिने पावती मागितली.

“कसली पावती?”

“पावाची. मी पैसे देते, तुम्ही पावती द्या.”

“तुझ्या बापाने बर्फात गुडघे टेकून माझी अडलेली गाय सोडवली,” बातमा अपा शांतपणे म्हणाली. “तेव्हा मी मागितली होती का त्याच्याकडे पावती?”

संध्याकाळी उत्तर आलं. ‘पावतीशिवाय भेट घडली असे मानता येत नाही. — परीक्षक ४१७.’

“बघा, घडलीच नाही,” बेगिमाय म्हणाली. सैकालच्या पोटात तीन वाट्या चहा होता, त्यामुळे तिने वाद घातला नाही.

तिसरी शाखा इस्पितळासमोर. तिथे बिश्केकहून नुकताच बदलून आलेला आर्त्योम नावाचा विक्रेता होता. रशियन, तेव्हा पिढ्यांचा प्रश्न नव्हता. त्याने चौथ्या सेकंदाला स्वागत केलं. मधाच्या पावाचं विचारलं. पाव पिशवीत टाकला, पावती दिली, ‘पुन्हा या’ म्हणाला. हे सगळं तो सैकालच्या डाव्या खांद्याकडे बघत करत होता. तिथे काय आहे म्हणून तिने स्वतःही एकदा वळून पाहिलं.

बाहेर बाकावर बसून तिने पिशवी उघडली. पाव उलटा ठेवलेला होता. उलटा पाव म्हणजे अन्नाचा अपमान, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. तिने तो सुलटा केला, एक तुकडा मोडून तोंडात टाकला. चार मिनिटं ती कुणाचीच नव्हती. हवं होतं ते हेच, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं. मग बेगिमायची फाइल उघडून तिने अकरा मिनिटांत अहवाल पुरा केला. शंभरपैकी शंभर. चौऱ्याऐंशी प्रश्नांत पाव कसा ठेवला, हा प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. बेगिमाय शेजारीच होती. तिने तो स्पीकरवर टाकायला लावला.

“ग्राहक २०९३? मी परीक्षक ४१७. तुम्ही खरंच दुकानात गेला होतात का?”

“गेले होते. पावती जोडलीय.”

“पावती कुणीही उचलून आणतं. मला हे स्मित पंचेचाळीस वेळा आलंय. प्रसन्न व व्यावसायिक.” बेगिमाय खिडकीबाहेर बघायला लागली. “फॉर्ममध्ये नाही असं काहीतरी सांगा.”

सैकालने विचार केला. “त्याने पाव उलटा ठेवला होता. मी बाहेर येऊन सुलटा केला.”

 मग तो आवाज आपला नंबर विसरून म्हणाला, “आमच्या घरचं वळण दिसतंय. कुठल्या तुम्ही?”

“नारिनची.”

“नारिनला कुणाच्या?”

सैकालने डोळे मिटून घेतले. “केरिमबायची.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फोन टेबलावर ठेवल्याचाही आला. तळवे मोकळे हवेत ना. बिश्केकच्या कचेरीत कुणीतरी प्रार्थना म्हणत होतं आणि शेवटचं ‘ओमिन’ किमान आठ जणांचं होतं. मग नावं झाली. सहावं नाव जुळलं. अल्तिमिश.

“मी एमिल, आत्या. तुमचा भाचा,” परीक्षक ४१७ म्हणाला. “पण आता पंचाईत झाली. तो पहिला प्रश्न. कंपनीतला कर्मचारी म्हणजे मीसुद्धा आलो.”

“दुसऱ्या परीक्षकाकडे दे.”

“दुसरी माझी बहीण आहे. तिसरा माझा चुलतभाऊ. साहेब काका आहेत.”

“सगळी कचेरी अल्तिमिशची?”

“शिपाई सोडून. तो तलासचा.”

“मग तुम्ही सगळे तो प्रश्न कसा भरता रे?”

“नाही म्हणून. सगळे तेच लिहितात. तुम्हीही तेच राहू द्या, मी मंजूर करतो. दुसरी पायरी देतो, बिश्केकला या.” त्याने आवाज खाली आणला. “फक्त हॉटेलात राहायचं नाही हां. अहवाल हॉटेलचा भरा, झोपायला आमच्याकडे. डॉक्टरांची मुलगी हॉटेलात उतरली म्हटल्यावर आई मला घरात घेणार नाही. तिला खूप बोलायचंय त्यांच्याबद्दल.”

बेगिमाय ओठांनी नुसतं ‘नाही, नाही’ करत होती. म्हणजे तेच उत्तर राहू द्या. सैकालने फोन ठेवला. अहवाल दुरुस्तीसाठी उघडला होता. ‘आपला नातेवाईक आहे काय?’

तिने ‘नाही’ पुसलं आणि ‘हो’वर बोट ठेवलं.

“एजे, खातं बंद होईल.”

“होऊ दे.”

या वेळी दुरुस्ती असल्यामुळे प्रश्न करडे झाले नाहीत, स्पष्टीकरणाची चौकट उघडली. सैकालने लिहिलं: केरिमबाय, सादिक, तुरगान, बोरुबाय, कोइचू, अल्तिमिश, चिनिबेक. कोपऱ्यातला आकडा सत्तावन्नवर थांबला. दीडशेला अजून बरीच अक्षरं कमी होती. ती पुन्हा पहिल्या नावापाशी गेली, आणि तिथे ते कोण होते ते लिहू लागली. गायीबद्दल लिहिलं, बर्फाबद्दल लिहिलं, नाव गाळल्यावर थांबणाऱ्या घोड्याबद्दल लिहिलं. बेगिमायने दोनदा घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

कमाल मर्यादा पाचशे अक्षरांची होती. ती कमी पडली.